सात मात्रांचं तुणतुणं

माणसाच्या तोंडून काही वाक्यं अशी निसटतात, की नंतर ती परत तोंडात कोंबायला दोन हात पुरत नाहीत. माझं वाक्य होतं, ‘‘एकच तर तार आहे. त्यात काय मोठंसं?’’

मी हे बोललो तेव्हा आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर एक तुणतुणं आडवं पडलं होतं आणि त्याचे मालक जिना उतरून निघाले होते. मालक म्हणजे तुणतुणं वाजवण्यात अख्खी हयात घालवलेले, सत्तरीला टेकलेले एक सज्जन गृहस्थ. त्यांना आमच्या मुलीने बोलावलं होतं. मुलगी संगीत महाविद्यालयात रचना शिकते. म्हणजे दुसऱ्यांनी काय वाजवायचं ते कागदावर लिहिते. घरात आईचा स्वभाव कुठेतरी उतरायचाच. शेवटच्या वर्षी एक नवीकोरी रचना परीक्षकांपुढे वाजवून दाखवावी लागते, आणि तिच्यात एक तरी लोकवाद्य असलंच पाहिजे असा नियम आहे. जमलं नाही तर अख्खं वर्ष पुन्हा. तिने दोन व्हायोलिन, व्हायोलिनची थोरली बहीण व्हायोला (ही ती स्वतः वाजवते), एक चेलो आणि एक तुणतुणं अशा पाच वाद्यांसाठी बारा मिनिटांची रचना केली होती. नाव ‘बाजू ब’.

या नावाला जबाबदार मीच. तरुणपणी मला प्रोग्रेसिव्ह रॉकचं वेड होतं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात एक गाणं कॅसेटची अख्खी बाजू खातं. गाणारा आठव्या मिनिटाला येतो, दोन ओळी म्हणतो आणि काहीतरी विसरल्यासारखा परत जातो. तुम्ही मान डोलवायला लागलात की ताल कूस बदलतो. मुलगी लहान असताना मी रोज सकाळी दाढी करताना या कॅसेटी लावायचो. मी गाल इतक्या वेळा कापून घ्यायचो त्याचं कारण ते संगीतच होतं, असं आमच्या हिचं मत आहे. पण पोरीच्या कानात ते जाऊन बसलं ते बसलंच. ‘बाजू ब’मध्ये सुरुवातीला सात मात्रा, मग अकरा, मग पुन्हा सात, असं सगळं माझ्याच पापाचं फळ होतं.

तुणतुणेवाल्या आजोबांनी संगणकावर ती सगळी बारा मिनिटं डोळे मिटून ऐकली. संपल्यावर डोळे उघडून आदबीने म्हणाले, ‘‘छान आहे. सुरू कधी होतं?’’

मुलीने त्यांना समजावलं, की सुरुवातीला तुणतुणं वाजतं, मग पाचव्या मिनिटापासून ते एक्केचाळीस आवर्तनं गप्प बसतं आणि मग एकदम बेचाळिसाव्याला येतं.

‘‘पोरी,’’ आजोबा म्हणाले, ‘‘माझ्या वयाचा माणूस एक्केचाळीस आवर्तनं गप्प बसला, तर लोकांना वाटेल म्हातारा गेला. वाद्य ठेवून जातो. माणूस तुझा तू बघ.’’

परीक्षेला अठरा दिवस उरले होते. पोरगी सोफ्यावर तुणतुण्याशेजारी बसली. तिचा चेहरा इतका उतरला होता, की तुणतुणंच त्यातल्या त्यात टवटवीत दिसत होतं. आणि बापाचं काळीज म्हणा किंवा बापाचा अगोचरपणा म्हणा, मी ते वाक्य बोललो.

‘‘बाबा, तुला ताल आहे?’’ तिने विचारलं.

‘‘सत्तावीस वर्षं नोकरी केलीय मी.’’

‘‘त्याचा काय संबंध?’’

संबंध नव्हता. पण त्या क्षणी माझ्याकडे तेवढंच होतं.

एक तार म्हणजे सोपं, हा समज मोडायला पंधरा मिनिटं लागली. चार तारा असल्या की एखादी चुकली तर बाकीच्या तिघी पदराआड घेतात. इथे पदरच नाही. खाली कातडं ताणलेलं लाकडी खोकं, त्याला बाजूने ठोकलेली काठी, वर खुंटी, आणि खुंटीपासून कातड्यापर्यंत ही उघडीवाघडी तार. काडीने छेडली की ‘तुण’. दुसऱ्यांदा छेडली की ‘तुण’. या दोन ‘तुण’मधलं अंतर म्हणजे संगीत, असं मुलगी म्हणाली. माझं अंतर तिच्या मते दर वेळी नवीन होतं.

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे कवायत मास्तर खाली आले. हे शाळेतून निवृत्त झाले असले तरी कवायतीतून झालेले नाहीत. दारात उभे राहिले तरी त्यांच्या टाचा जुळलेल्या असतात.

‘‘तुमच्या आवाजाबद्दल माझी तक्रार नाही,’’ ते म्हणाले. ‘‘आवाज काय, माणूस सहन करतो. पण मी सकाळी घरात चालतो, आणि तुम्ही वाजवायला लागलात की माझा पाय चुकतो. छत्तीस वर्षांत चुकला नाही तो.’’

मी त्यांना सात मात्रांचं सांगितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. ‘‘सात ही काय संख्या आहे? माणसाला पाय दोन. पण असू दे. तुमची अडचण बसून वाजवण्यात आहे. अंगात भिनायला हवं. उद्या सहा वाजता आवारात या.’’

शेजाऱ्याचा सल्ला नाकारायचा नाही, हे सहनिवासाचं पहिलं सूत्र. नाकारला तर तो वारंवार मिळतो. दुसऱ्या दिवशी सहाला मी गळ्यात तुणतुणं अडकवून आवारात उभा, आणि मास्तर पुढे. ‘‘डावा, उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा, डावा!’’ इथपर्यंत उत्तम. पण सात संपले की पुढच्या सातांची ‘एक’ उजव्या पायावर येते. मास्तरांनी जन्मात कधी उजव्या पायाने सुरुवात केली नव्हती. त्यांचं डोकं ‘एक’ म्हणालं, पाय ‘डावा’ म्हणाला, आणि डावा तर आधीच पुढे होता. उरलेला सगळा माणूस मधल्यामध्ये फुलझाडांच्या कुंड्यांवर गेला.

घोटा मुरगळला. वैद्यांनी दोन आठवडे पाय जमिनीला लावू नका म्हणून सांगितलं. संध्याकाळी जिन्यातल्या फळ्यावर सेक्रेटरींच्या अक्षरात सूचना लागली: ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आवारात विषम संख्येत चालू नये.’ खाली कुणीतरी पेन्सिलीने ‘म्हणजे लंगडी चालेल का?’ असं लिहिलं होतं. माझ्याकडे बघून लहान मुलंसुद्धा हसायला लागली. सत्तावीस वर्षं अभिलेख खात्याच्या खिडकीत बसलेल्या, ज्याच्या सहीशिवाय माणसाला आपल्याच जन्माचा पुरावा मिळत नाही अशा इसमावर ही पाळी!

शेवटी मदतीला धावली ती आमची ही. ही शाळेत गणित शिकवते आणि घरी त्याची उजळणी करते. आठवडाभर ती माझी धडपड स्वयंपाकघरातून ऐकत होती. एका संध्याकाळी ओले हात पुसत बाहेर आली.

‘‘अहो, तुम्ही आकडे मोजताय म्हणून चुकताय. आकड्यांचं आणि तुमचं कधी पटलंय? वार म्हणा वार.’’

‘‘वार?’’

‘‘सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, रवी. सात झाले की नाही? तुमच्यासारख्या नोकरदाराला रविवार कधी येतो ते झोपेतसुद्धा कळतं.’’

मी करून पाहिलं. सोमवारी जड हाताने, बुधवारी कंटाळून, शुक्रवारी जरा उत्साहाने, रविवारी हलकेच. आणि काय सांगू, तुणतुणं चालायला लागलं! मुलगी खोलीतून धावत आली. ‘‘बाबा, हेच! हेच हवंय!’’ अकराचंही हिनेच सोडवलं. आठवडा आणि त्याला जोडून चार दिवसांची रजा. रजेचे ते चार दिवस मी इतके मनापासून वाजवायचो, की चेलो वाजवणारी मुलीची मैत्रीण म्हणाली, ‘‘काका, तुमच्या अकरामध्ये एक वेगळाच मोकळेपणा आहे.’’ एक्केचाळीस आवर्तनं गप्प बसणं म्हणजे एक्केचाळीस आठवडे. ते मनातल्या मनात घालवून बेचाळिसाव्या सोमवारी कामावर रुजू व्हायचं. घरात बसून तेही जमायला लागलं.

संगीताची बाजू अशी मार्गी लागली आणि कागदाची बाजू उभी राहिली.

महाविद्यालयाच्या कार्यालयात वादकांची नोंद करायची होती. अर्जात ‘वाद्याचा प्रकार’ असा रकाना होता आणि पुढे चार चौकटी: तंतुवाद्य, फुंकवाद्य, चर्मवाद्य, कळफलक. एकाच चौकटीत खूण करावी. मी तंतुवाद्यावर केली. खिडकीतल्या बाईंनी तुणतुणं उलटं करून पाहिलं.

‘‘याला कातडं आहे.’’

‘‘आहे. पण वाजते ती तार.’’

‘‘तार कशाला बांधलीय?’’

‘‘कातड्याला.’’

‘‘मग?’’ असं म्हणून त्यांनी अर्जावर लिहिलं, ‘त्रुटी पूर्ण करून पुन्हा सादर करावा.’

हे वाक्य मी गेल्या सत्तावीस वर्षांत किती हजार अर्जांवर लिहिलं असेल, देव जाणे. पण ते खिडकीच्या बाहेरच्या बाजूने कसं दिसतं, हे मला पहिल्यांदाच कळलं. तिकडून ते बरंच मोठं दिसतं. दुसऱ्या दिवशी चर्मवाद्यावर खूण करून गेलो, तर बाई म्हणाल्या, चर्मवाद्याला तार नसते. मी म्हटलं, मग पाचवी चौकट काढा. त्या म्हणाल्या, त्याला समिती आहे. समिती कधी बसते? परीक्षा झाल्यावर.

बाई मनाने वाईट नव्हत्या. माझा चेहरा पाहून त्या खिडकीतून जरा पुढे वाकल्या. ‘‘एक सांगू का? कळफलकावर खूण करा. त्या रकान्याची कुणी तपासणी करत नाही. नोंद झाल्याशी मतलब.’’

सरकारी माणसाला दुसऱ्या सरकारी माणसाची युक्ती लगेच पटते. मी खूण केली. शिक्का बसला. आपण किती व्यवहारचतुर आहोत, हे मी त्या दिवशी घरी तीन वेळा सांगितलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी अकराला आम्ही सभागृहात पोचलो. दारात मोबाईल काढून घेतले. परीक्षेचं ध्वनिमुद्रण करायला मनाई होती. आत गेलो आणि मुलगी जागच्या जागी थबकली. रंगमंचाच्या मधोमध एक पियानो उभा होता. पियानो कसला, काळी चकचकीत म्हैसच. झाकण वर उघडलेलं, कळांपाशी बसायचं स्टूल, आणि शेजारी पांढरं फडकं खांद्यावर टाकलेले शिपाईमामा.

‘‘या साहेब,’’ ते माझ्याकडे बघून म्हणाले. ‘‘कळफलकवाले आपणच ना? सकाळी सहा जणांनी मिळून चढवलाय.’’

‘‘तो खाली नेता येईल का?’’ मी बारीक आवाजात विचारलं.

‘‘ते सहा जण जेवायला गेले.’’

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग ती आपल्या व्हायोलाच्या तारा जुळवायला लागली. समोर तीन परीक्षक स्थानापन्न झाले होते. मधल्या बाई चष्मा पुसत होत्या. चार खुर्च्या पियानोच्या पुढे दाटीवाटीने मांडल्या गेल्या आणि माझ्यासाठी जागा उरली ती फक्त पियानोमागच्या स्टुलावर. तिथून त्या उघड्या झाकणापलीकडचं मला काही दिसत नव्हतं. ना मुलीचा चेहरा, ना तिची मान. चेलोवालीचा डावा बूट तेवढा दिसत होता.

सुरुवात झाली. मी बुटावर नजर रोखून सोमवार, मंगळवार करत निघालो आणि पाच मिनिटं, खोटं कशाला बोलू, झकास वाजवली. मग माझी ती लांबलचक विश्रांती आली. पहिला आठवडा. दुसरा. दहावा. मुलीने त्या भागात व्हायोलिनसाठी लिहिलेलं काहीतरी इतकं सुंदर होतं, की ऐकायचा मोह होत होता. पण मी कानांना बजावलं, ही ऐकायची वेळ नाही. विसावा. सव्विसावा. सव्विसाव्या आठवड्याचा बुधवार चालू असताना कानाशी गरम श्वास आला.

‘‘साहेब,’’ शिपाईमामा कुजबुजले, ‘‘कळांवरचं झाकण लावलेलंच राहिलंय. उघडू का?’’

‘‘गुरुवार!’’ मी म्हणालो.

‘‘आज उघडू की गुरुवारी?’’

‘‘नको, नको!’’

ते गेले. पण जाताना माझा वार घेऊन गेले. शुक्रवार होता का? की शनिवार? आठवडा सव्विसावा की सत्ताविसावा? आता आपण जन्मभर इथेच बसून राहणार, पोरीचं वर्ष बुडणार, आणि लोक म्हणणार, बापाने बुडवलं. त्या घाबरलेल्या अवस्थेत माझा हात आपोआप उठला आणि मी छेडली. तुण!

चुकलं. हे मला ‘तुण’ व्हायच्या आतच कळलं होतं. पण हात थांबेना. थांबलो तर चूक उघडी पडेल, या एकाच भीतीने मी वाजवत राहिलो. सोम, मंगळ, बुध. तिकडे झाकणापलीकडे हलकल्लोळ उडाला. एका व्हायोलिनने दोन पानं पुढे उडी मारली. दुसरं मागे गेलं. चेलोचा बूट हवेतच थांबला. व्हायोला, म्हणजे माझी पोरगी, मध्येच गप्प झाली. अर्धं मिनिट ती चार वाद्यं जत्रेत चुकलेल्या पोरांसारखी चार दिशांना रडत होती आणि मी मधोमध तुण, तुण, तुण. मग व्हायोला आली. हलकेच, माझ्या सोमवारवर. मग चेलो. मग एकेक व्हायोलिन. सगळी जणं माझ्या त्या एका तारेला बिलगली आणि तशीच शेवटापर्यंत गेली.

संपलं. मी स्टुलावर लहान होऊन बसलो.

‘‘आठव्या मिनिटाच्या आसपास,’’ मधल्या परीक्षक बाई म्हणाल्या, ‘‘सगळी वाद्यं विखुरतात आणि ते एकट्या तारेचं वाद्य त्यांना हाताला धरून घरी आणतं. विद्यार्थ्याच्या रचनेत इतकं धाडस मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.’’ मग त्यांनी समोरची स्वरलिपी चाळली. पुन्हा चाळली. ‘‘पण ते इथे लिहिलेलं दिसत नाही?’’

‘‘ती... ती आधीची प्रत आहे,’’ मुलगी म्हणाली. माझीच लेक.

‘‘मग सुधारित प्रत आठ दिवसांत कार्यालयात जमा करा. त्याशिवाय निकाल लागणार नाही.’’

आणि मग सुरू झालं खरं संकट. जे वाजलं ते कागदावर उतरवायचं होतं, आणि काय वाजलं हे पाचांपैकी एकालाही सांगता येत नव्हतं. रोज संध्याकाळी चौकडी आमच्या हॉलमध्ये जमायची आणि तीच चूक पुन्हा करायचा प्रयत्न करायची. जमेना! मी कॅलेंडरातल्या सोमवारासारखा अचूक यायला लागलो. एक्केचाळीस आठवडे, बेचाळिसावा सोमवार, तुण. आयुष्यभर माझ्या चुका घरात कुणाला नको होत्या. आता एक हवी होती, तर ती होईना.

‘‘यांना काही दिसता कामा नये,’’ ही म्हणाली. मला कपाटामागे बसवण्यात आलं. तरी बरोबर. वरून कवायत मास्तर पाय बांधलेल्या अवस्थेत, काठी टेकत आले आणि शिपाईमामांची भूमिका करायला तयार झाले. पण त्यांना कुजबुजता येत नाही. ‘‘झाकण उघडू का!’’ असं त्यांनी माझ्या कानात ओरडल्यावर मी तुणतुण्यासकट कपाटावर आदळलो, आणि तरीही वेळेवर आलो. मास्तर म्हणाले, ‘‘आता तुम्ही तयार झालात.’’ इतकं बोचणारं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं.

प्रत स्वीकारली गेली आणि मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली, हे आताच सांगून टाकतो. मला सांगायचं आहे ते सातव्या संध्याकाळबद्दल. बाकीच्या मुली निघून गेल्या होत्या. मुलीने पेन्सिल घेतली, आठव्या मिनिटाच्या जागी चारही वाद्यांच्या ओळी खोडरबराने कोऱ्या केल्या आणि वर लिहिलं, ‘इथे प्रत्येकाने आपापल्या परीने हरवावे.’ मग तुणतुण्याच्या ओळीवर जरा थांबली आणि लिहिलं, ‘घाबरून. पण थांबू नये.’

मी तिच्या खांद्यावरून वाचत होतो. ‘‘घाबरून कशाला? गंभीरपणे लिही. किंवा संयत.’’

‘‘बाबा, तू घाबरला होतास.’’

‘‘तुला काय माहीत? मी तर त्या झाकणामागे होतो.’’

‘‘ऐकू येत होतं ना,’’ ती म्हणाली. ‘‘त्या बाईंना वाटलं, तू आम्हाला घरी आणलंस. तसं काही नव्हतं. तू तिकडे एकटाच चालला होतास. तुला एकट्याला सोडवेना, म्हणून आम्ही आलो.’’

मी खिडकीपाशी गेलो आणि खाली आवारातल्या कुंड्यांकडे बराच वेळ लक्षपूर्वक पाहिलं. कुंड्यांकडेही कधीतरी पाहायला हवंच.

‘‘बरं, राहू दे ‘घाबरून’,’’ मी म्हणालो. ‘‘फक्त पुढे एवढं लिही, की वादक अनुभवी असावा.’’